मोशी मोशी, मावशी!

माझं जपानी ऐकून सिल्लोडच्या मावशीनं माझ्या अंगातलं भूत उतरवलं.

चितेगावच्या आमच्या कारखान्यातून जपानला सुटे भाग जातात. दुभाषी बाई रजेवर गेल्या आणि साहेब मला म्हणाले, “तुम्ही क्लास केलाय ना? माल उशिरा येईल म्हणून फोनवर माफी मागा. गिऱ्हाईक तुटलं तर बघा!” (क्लास केला होता. अर्धा.)

त्यांचं ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडं उजाडलेलंही नसतं. त्यात लाईट गेलेली. नेटवर्क फक्त घरातल्या मागच्या खोलीच्या कोपऱ्यात! तिथं मी भिंतीकडं तोंड करून उभी. केस ओले, मोकळे. अंगावर पांढरी शाल. इअरफोन केसांखाली. क्लासच्या सरांनी शिकवलं होतं, फोनवरसुद्धा कमरेत वाकायचं, म्हणजे आवाजात अदब येते. आवाजही बारीक, गोड काढायचा. माझा असा निघाला की माझ्याच अंगावर काटा आला!

पाठ केलेली माफी म्हणत मी वाकले. उठले. परत वाकले. पलीकडं नुसती शांतता. फोन तुटला की काय? अशा वेळी जपानीत विचारतात तसं मी हळूच विचारलं, “मोशी मोशी... मोशी मोशी...”

मुक्कामाला आलेली, त्याच खोलीत झोपलेली मावशी ताडकन उठून बसली.

“कोण बोलावतंय गं मला?”

नेमका तेव्हाच पलीकडून आवाज आला.

“हाय!” मी म्हटलं. (जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो जी’.)

“कोण हाय?”

“हाय!”

“पोरीच्या अंगात शिरलायस व्हय रे?”

“हाय! हाय!” म्हणत मी भिंतीला लवून नमस्कार केला.

मग मागं कुणीतरी काडी ओढून दिवा लावला. उदाचा वास आला. भिंतीवर एक भलीमोठी सावली हलायला लागली. कुणीतरी घोगऱ्या आवाजात रामरक्षा पुटपुटत जवळ जवळ येत होतं. गिऱ्हाईक लाईनवर, वळणार कशी? आणि माझ्या मानेवर एक गारढोण हात पडला!

माझी किंकाळी थेट जपानला गेली.

“सोड पोरीला!” मावशी गरजली. “लई झालं तुझं!”

पलीकडच्या गृहस्थांनी अतिशय हळुवार आवाजात काहीतरी विचारलं. मला अक्षर कळलं नाही. पण इतक्या मायेनं कुणी विचारल्यावर नाही कसं म्हणायचं?

“हाय,” मी हुंदका देत म्हटलं.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. जपानहून मेल आला होता : माल सवडीनं पाठवा, घरातल्या दुःखद निधनाबद्दल आम्ही शोकात सहभागी आहोत.

साहेबांचा चेहरा उतरला होता. “कोण गेलं हो?”

“सर,” मी मान खाली घालून म्हटलं, “माझं जपानी.”