काचेच्या खोलीची किंमत

२४ मे १९६६. रक्कम रुपये आठ हजार पाचशे. हजर : माझी थोरली बहीण मालूताई, तिचे दीर वामनराव, पुण्याहून आलेले वकील आणि जामीन म्हणून मी. लोणावळ्याच्या घरातला वामनरावांचा अर्धा हिस्सा त्या दिवशी ताईने विकत घेतला. साडेपाच हजार रोख, उरलेले तीन हजार दर तीन महिन्यांनी अडीचशेच्या हप्त्याने. सही करताना तिचा हात स्थिर होता. नंतर स्वयंपाकघरात चहा गाळताना मात्र तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "जमेल ना रे मला हे?" मी जमेल म्हणालो... गेल्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, ताई गेली.

घर मोठं नव्हतं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक अडगळीएवढी खोली. भाऊजी रेल्वेत होते. त्यांनी आणि वामनरावांनी मिळून ते बांधलं, म्हणून कागदावर दोघांचं निम्मं निम्मं. एकसष्ट साली भाऊजी गेले. मूलबाळ नव्हतं. मी ताईला पुण्याला चल म्हणालो, तर म्हणाली, "तुझ्याकडे आठ दिवस माझे लाड होतील, नवव्या दिवसापासून मी तुझ्या बायकोच्या पायात येईन." तिला एवढंच हवं होतं, की हे घर पुरतं आपलं व्हावं आणि मरेपर्यंत तिला कोणी इथून ऊठ म्हणू नये. वामनराव मुंबईला राहत. भाऊजींच्या तेराव्याला ते स्वतःहून म्हणाले होते, "वहिनी, सवडीने सहा हजार द्या, घर तुमचं." तोंडी बोलणं. घरातल्या माणसाकडून लिहून कोण घेतं?

सहा हजार आणायचे कुठून? हवा खायला येणाऱ्या मुंबईकरांना पुढच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या, असं तिने ठरवलं. पण अशा खोल्या लोणावळ्यात गल्लोगल्ली. तेव्हा ताईने घराच्या पश्चिम अंगाला काचेची खोली काढली. खंडाळ्याकडे एका जुन्या बंगल्याची मोडतोड चालली होती, तिथल्या खिडक्या चौकटींसकट आणल्या. त्यातल्या काही काचा हिरवट होत्या, काही पांढऱ्या. ती हसून म्हणायची, "माझी खोली गोधडीसारखी आहे." तिथून समोर नागफणीचा सुळका दिसे आणि थंडीत सकाळी खालून धुकं वर चढताना दिसे. खर्च दोन हजार तीनशे पन्नास झाला. त्यातले बरेचसे तिच्या पाटल्यांचे. घराचं भाडं मात्र महिना एकशेवीसचं दोनशेवीस झालं. पावसाचे चार महिने सोडले तर घर रिकामं राहीना. हिशेब मीही तपासला होता. तो बरोबर होता.

सहासष्टच्या चैत्रात तिच्याजवळ साडेपाच हजार जमले. तिने वामनरावांना कळवलं, पाचशे दिवाळीत देते, कागद करून टाकू. वामनराव आले, काचेच्या खोलीत बसले, पन्हं प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, सहा हजार बोललो तेव्हा घर वेगळं होतं. आता रीतसर किंमत करून घेऊ." ताईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने पुन्हा पुन्हा एकच म्हटलं, "अहो भावजी, ही खोली मी बांधली."

"नाही कोण म्हणतंय? पण जागा दोघांची, भिंत दोघांची. आणि बांधताना मला विचारलं होतंत का?"

विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

किंमत करणारे इंजिनियर मे महिन्याच्या मध्यावर यायचे होते. आमच्या मावळात पावसाच्या तोंडाला घराच्या पश्चिम भिंतीला गवताचे झाप बांधतात, नाहीतर झडीने भिंत राहत नाही. ताई काचांवरही झाप बांधायची आणि पावसाळाभर ती खोली काळोखी असायची. त्या वर्षी तिने झाप पंधरवडाभर आधीच बांधायला काढले. कुरवंड्याहून कामाला येणारी चंद्राबाई चकित झाली. "ताई, पाऊस कुटं हाय अजून? लोकं हसत्याल की."

"हसू देत. तू बांध."

"आन् आत बसनाऱ्याला उजेड कुटनं यायचा?"

"कोणी बसणार नाहीये आत. गुरांचा गोठा दिसायला हवा."

चंद्राबाईने सुतळी घेतली. मी तिथेच होतो. असं काही लपत नाही, हे ताईलाही कळत होतं, तरी ती फटीफटीतून गवत खोचत होती... इंजिनियर आले. भला माणूस होता. घराला फेरी मारून त्यांनी काठीने एक झाप बाजूला केला, काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं आणि मनापासून म्हणाले, "वा! बाई, काय खोली काढलीत! हिनेच तर घराला किंमत आली." घर तेरा हजार, काचेची खोली चार हजार. एकूण सतरा, निम्मे साडेआठ. म्हणजे जी खोली तिने स्वतःच्या पाटल्या मोडून बांधली, तिच्या अर्ध्यासाठी तिने आणखी दोन हजार द्यायचे.

घराला जोडलेल्या खोलीने किंमत वाढते का, असं कोणी मला विचारलं तर वाढते, असंच मला सांगावं लागेल.

पुढची दोन वर्षं मी बघत होतो. हप्ता चुकू नये म्हणून तिने मागची खोलीही भाड्याने दिली, रेल्वेतल्या एका कारकुनाला, बारमाही. स्वतः स्वयंपाकघरात झोपू लागली. मी पैसे देऊ केले की म्हणे, "तुझे घेतले तर घर तुझं होईल. मला माझं हवंय." चेष्टेने बोलायची, पण पैसे परत माझ्या खिशात घालायची. मी मृत्युपत्राचं काढलं तर म्हणाली, "आधी घर पुरतं माझं होऊ दे, मग बघू कोणाला द्यायचं." अडुसष्टच्या पावसात एका कंत्राटदाराच्या माणसांना तिने पुढच्या खोल्याही दिल्या, स्वयंपाकघरासकट. मग राहिली ती काचेची खोली. झापांमागे, दिवसाही कंदील लावून, ती तिथे राहिली. चौकटींतून पाणी झिरपायचं. चंद्राबाईचा निरोप आला, "ताईस्नी लय ताप हाय, तुमी या." मी पोहोचलो तेव्हा अंथरूण खालून ओलं होतं. न्यूमोनिया. ती बोलत नव्हती, नुसती श्वास ओढत होती... दुसऱ्या दिवशी संपलं.

आठ हप्ते तिने वेळेवर दिले होते, चार राहिले होते. वकिलांना विचारलं. मूल नाही, मृत्युपत्र नाही, तेव्हा घर नवऱ्याकडच्या वारसाला जातं. वारस एकच, वामनराव. तिने विकत घेतलेला अर्धा आणि तिचा आधीचा अर्धा, दोन्ही त्यांचे झाले. तेराव्याला वामनराव माझ्याशेजारी बसले. मग म्हणाले, "मुंबईचा एक माणूस घर बघायला येतोय. काचेची खोली आहे ना, हेच त्याने पहिल्यांदा विचारलं." आणि थोडं थांबून, "तुम्ही जामीन होतात... मुलीचं लग्न आहे माझ्या, नाहीतर राहिलेल्या हप्त्यांचं काढलं नसतं."

मी वाद घातला नाही. माझी सही होती, आणि तिच्या नावावर कोणाचं देणं राहायला मला नको होतं. उरलेल्या चार हप्त्यांचे रुपये एक हजार मी पुढच्या रविवारी मुंबईला जाऊन वामनरावांच्या हातात दिले. त्यांनी ते मोजून घेतले आणि ताईच्या नावाने पावती दिली.