मागची ढोलकी

आमच्या ताडकळसच्या गायनपार्टीत मी गातो. ढोलकी वाजवणारा गडी एरवी पंक्चर काढतो. ढोलकीला हात लावण्याआधी तो हात दोनदा साबणानं धुतो, आणि मी गायला लागलो की इतकं हळू वाजवतो की नवख्याला वाटावं, याला येतच नसेल.

"लोकायला शब्द ऐकू जाऊ द्या, सर. ढोलकी काय, मागं हायच," असं त्याचं म्हणणं.

सेलूला एका दुपारच्या कार्यक्रमात मी दुसऱ्या कडव्यापाशी आलो आणि शब्दच आठवेनात. त्यानं एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि अशी ढोलकी घुमवली की अख्खा मंडप टाळ्या पिटायला लागला. मला कडवं आठवलं, मी मान हलवली, तसा त्याचा हात पुन्हा हळू झाला.

स्टेजवरून उतरल्यावर आमचे पेटीवाले काका त्याच्यावर भडकले. "गाणं चालू असताना मधीच कशाला घुसलास? लय टाळ्या पायजे होत्या का?"

"चुकलं काका. हात आवरला न्हाई," म्हणत तो ढोलकीला खोळ घालू लागला.

मी शेजारीच उभा होतो. त्या दिवशी दुसऱ्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.