हजेरीपटावरचा मोडलेला हात

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत चार मोठी धुलाई यंत्रं आहेत. ती सुरू झाली की शेजारच्याच्या कानाशी ओरडूनही काही ऐकू जात नाही. म्हणून तिथली चौदा माणसं गेली कित्येक वर्षं हातांनी बोलतात. तळहात पालथा केला की चादर, बोट मनगटाभोवती फिरवलं की ऑपरेशन थिएटरचे गाऊन, नाकाखाली दोन बोटं धरली की अधीक्षक येतोय. सध्याच्या अधीक्षकाला मिशी नाही. ती पंधरा वर्षांपूर्वीच्या अधीक्षकाला होती, पण खूण काही बदलली नाही. हातांनी चहा मागतात, थट्टा करतात, भांडतातही. दोन इस्त्रीवाल्यांचं भांडण पाहणं म्हणजे लांबून कुस्ती पाहण्यासारखं असतं.

या खोलीत अकरा वर्षांपूर्वी एक बाई फाटलेलं कापड शिवायला आली. जन्मापासून ऐकू न येणारी. हडकुळी आणि कामाला टोकदार, म्हणून लाँड्रीने तिचं नाव टाचणी ठेवलं. खूण अंगठा आणि तर्जनीची चिमूट. घरी तिला मुकी म्हणत. बाहेरही मुकीच. लाँड्रीत मात्र ती सर्वांत जास्त बोलणारी होती, कारण सगळ्यांत आधीपासून हातांनी बोलत आलेली तीच एक. महिनाभरात तिने खोलीला शंभरेक नव्या खुणा शिकवल्या. "आम्ही तोडकंमोडकं बोलायचो," मुकादमबाई सांगतात. "हिने आम्हाला बोलायला लावलं."

मुकादमबाई लाँड्रीच्या प्रमुख. एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं बाकी, आवाज असा की यंत्रं चालू असतानाही अधूनमधून ऐकू येतो. हजेरीपट त्यांच्या हातात. त्या हजेरीपटामुळेच हे सगळं सांगावं लागतं आहे.

टाचणीचा नवरा फ्रिज दुरुस्त करतो. गोड बोलणारा माणूस. दहा घरांत त्याची ये-जा, दहाही घरांत त्याचं कौतुक. मुकी बायको केली, सांभाळली, म्हणजे देवमाणूसच, असं शेजारी म्हणायचे. राहतं घर टाचणीच्या आईचं, दोन खोल्यांचं, आई गेल्यावर टाचणीच्या नावावर झालेलं. हे मात्र कौतुक करताना कोणाच्या लक्षात राहत नसे.

तो तिला मारायचा. लग्नानंतर तिसऱ्या वर्षापासून. चेहऱ्यावर कधी नाही. आत काय बिघडलंय ते बाहेरून दिसू न देणारा कारागीर तो.

दोन वर्षांपूर्वी त्याने तिचं उजवं मनगट मोडलं. मग स्वतःच तिला तिच्याच हॉस्पिटलच्या अपघात विभागात घेऊन आला. तिथल्या डॉक्टरने विचारलं, "काय झालं?" आणि विचारताना बघितलं नवऱ्याकडे.

"पाय घसरला साहेब. हिला मागचं काही ऐकू येत नाही ना, दचकते नि पडते," तो म्हणाला.

डॉक्टरने लिहिलं, पाय घसरून पडली. टाचणी समोर बसली होती, डावा हात चांगला होता, टेबलावर पेन होतं. तिला बाजूला घेऊन, दार लावून, कागद पुढे करायला डॉक्टरला दोन मिनिटं लागली असती. त्याच इमारतीच्या तळघरात तिची भाषा येणारी तेरा माणसं होती. एक फोन खाली केला असता तरी पुरलं असतं. तो फोन झाला नाही.

पुढचे सहा दिवस ती कामावर आली नाही. सातव्या दिवशी प्लास्टर घालून आली आणि मुकादमबाईंना हातांनी सगळं सांगितलं. काय झालं, कशाने मारलं, किती वेळ. मुकादमबाईंनी ऐकलं, म्हणजे पाहिलं. त्यांनी जे केलं ते लाँड्रीतल्या कोणीही केलं असतं. टाचणी रोजंदारीवर होती. सलग पाच दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी पडली तर रोजंदारीवाल्याची जागा जाते. मुकादमबाईंनी सहाच्या सहा दिवसांवर हजर लावलं. पुढचे पाच आठवडे तिला घड्या घालायच्या कोपऱ्यात बसवलं, तिच्या वाटचं शिवण दुसऱ्या दोघींनी वाटून घेतलं. वर कोणाला पत्ता लागू दिला नाही.

"जागा वाचवली म्हणजे बाई वाचवली असं मला वाटलं," मुकादमबाई म्हणतात. "घरी तो, आणि इथली जागापण गेली तर ती जाणार कुठे? आम्ही तिला जपलं. म्हणजे काय केलं, तर झाकलं."

प्लास्टर निघाल्यावर टाचणी पोलीस चौकीत गेली. तिचा पाठलाग करत नवराही गेला. तिने कुठल्याशा पावतीच्या मागे लिहिलं होतं, नवरा मारतो, हात मोडला, मला मदत करा. हवालदाराने कागद वाचला. मग बाकावर बसलेल्या नवऱ्याला हाक मारली आणि तोच कागद त्याच्या हातात दिला.

"हे काय लिहिलंय हो हिने?"

"तिला असं वाटत राहतं साहेब. मुक्या माणसांचं असंच. रागावलं तरी मारलं म्हणतात."

"सांभाळून घ्या," हवालदार म्हणाला. कोणाला म्हणाला ते विचारायची गरज नाही. ती पावती नवऱ्याने घडी करून खिशात ठेवली. चौकीच्या वहीत त्या दिवशी टाचणीची नोंदच नाही. त्या रात्री काय झालं ते तिने नंतर लिहून दिलं आहे. ते इथे छापायचं नाही असंही तिनेच लिहिलं आहे.

त्यानंतर तिने आणखी एक दार ठोठावलं. महिलांसाठीचं मदत कार्यालय. या वेळी नवरा दुसऱ्या गावी कामाला गेलेला असताना, एकटी. अर्ज तिने स्वतः लिहिला होता. पहिली ओळ होती, मला ऐकू येत नाही. कारकुनाने अर्ज घेतला, शिक्का मारला, मोबाइल नंबरचा रकाना भरून घेतला आणि कळवतो अशी मान हलवली.

टाचणीने चार महिने वाट पाहिली. या चार महिन्यांत तिच्या दोन बरगड्यांना तडे गेले. मग ती चौकशीला गेली तेव्हा कारकुनाने फाइल काढून शेरा दाखवला. अर्जदारास तीन वेळा दूरध्वनी केला. अर्जदाराचा प्रतिसाद नाही. प्रकरण बंद.

मला ऐकू येत नाही असं जिच्या अर्जाची पहिली ओळ सांगते, तिला तीनदा फोन लावला. तिन्ही फोनांची तारीख, वेळ, लावणाऱ्याची सही, सगळं चोख. तिसऱ्या फोनला कोणीतरी उचललं होतं. शेऱ्यात त्याचाही उल्लेख आहे. पतीने सांगितले की घरी सर्व ठीक आहे.

त्या दिवशी टाचणी लाँड्रीत परत आली आणि मुकादमबाईंसमोर उभी राहून तिने पहिल्यांदाच हात खाली ठेवले. मुकादमबाईंनी यंत्रं बंद करायला लावली. भर दुपारी, कपड्यांचा ढीग पडलेला असताना. असं पूर्वी फक्त आग लागली तेव्हा झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून कार्यालयात गेल्या. मुकादमबाईंच्या आवाजापुढे बंद फाइल उघडली. मागणी एकच होती. नवऱ्याला त्या घरातून बाहेर काढायचा आणि घराजवळ, कामाजवळ फिरकू न देण्याचा आदेश. तो मिळाला तर टाचणीला स्वतःच्या घरात दार लावून झोपता येणार होतं. नाही मिळाला तर त्याच घरात त्याच माणसाबरोबर राहायचं, आणि आता त्याला तक्रारीचा रागही आलेला.

पहिली सुनावणी सोमवारी झाली. अधिकारीबाई तरुण, नीटनेटक्या, घड्याळाकडे बघणाऱ्या. त्यांनी नियम वाचून दाखवला. अर्जदारास बोलता येत नसल्यास जवळच्या नातेवाइकाने तिचं म्हणणं सांगावं. जवळचा नातेवाईक समोरच बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

"बाई, तुम्ही शुद्धीवर आहात ना?" मुकादमबाई म्हणाल्या. "ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच तिचं तोंड करताय?"

"आवाज खाली. तुम्ही कोण?"

"मी हिच्याशी अकरा वर्षं बोलतेय."

"तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे का?"

"त्याच्याकडे आहे का?"

अधिकारीबाईंनी दुसरा कागद पुढे केला. हॉस्पिटलकडून मागवलेली हजेरीची प्रत. "मनगट मोडल्याची जी तारीख अर्जात लिहिलीय, तिच्या दुसऱ्या दिवसापासून अर्जदार सगळे दिवस कामावर हजर आहे. पूर्ण पाळी. मोडलेल्या हाताने शिवण? आणि अपघात विभागाचा कागद म्हणतो पाय घसरला. मी कशावर विश्वास ठेवू?"

नवऱ्याने मान खाली घातली, दुःखी माणसासारखी. टाचणीला समोर काय चाललंय ते कळत होतं. ओठ वाचता येतात तिला थोडेसे. ती मुकादमबाईंकडे पाहत होती. एकाच इमारतीतून आलेले दोन कागद. एक नवऱ्याच्या तोंडून लिहिलेला, एक मायेपोटी. दोन्ही खोटे, आणि दोन्ही तिच्याविरुद्ध.

पुढची तारीख शुक्रवार.

मुकादमबाईंना मधल्या तीन दिवसांत काय वाटलं असेल त्याचा अंदाज बांधायची गरज नाही, त्यांनी ते सांगितलं आहे. हजेरीपटात खोटं लावणं म्हणजे नोकरीवर गदा. एकतीस वर्षं, दोन उरलेली. घरी दमेकरी नवरा. त्यांच्या धाकट्या बहिणीने फोनवर त्यांना झाडलं. "ताई, तू वेडी झालीस का? सांग की चुकून लागलं म्हणून."

"सहा दिवस चुकून?" मुकादमबाई म्हणाल्या. "एक दिवस चुकून लागतो गं. सहा दिवस लागतो तो मुद्दाम लागतो."

शुक्रवारी त्या लेखी निवेदन घेऊन गेल्या. अमुक ते अमुक तारखेला सदर कर्मचारी गैरहजर होती, मी खोटी हजेरी लावली, कारण हे. खाली सही आणि कर्मचारी क्रमांक. त्यांच्यामागे इस्त्रीवाले दोघे, जे एरवी भांडतात, प्लास्टर पाहिलं होतं असं सांगायला आले.

अधिकारीबाईंनी निवेदन दोनदा वाचलं. "याचे परिणाम तुम्हाला ठाऊक आहेत?"

"मला ठाऊक आहेत. तुम्हाला ठाऊक आहेत का, हिला आज घरी पाठवलंत तर काय होईल त्याचे?"

"पण तुम्ही तिचं म्हणणं सांगताय ते खरंच तिचं, हे मला कसं कळणार?"

हा प्रश्न रास्त होता. इतक्या दारांत पहिल्यांदा कोणीतरी रास्त प्रश्न विचारला होता, फक्त नवऱ्याबद्दल तो कोणालाच पडला नव्हता. मुकादमबाईंनी उपाय सांगितला आणि तो अगदी साधा होता. "ह्याला बाहेर काढा. मीपण बाहेर जाते. हिला कागद द्या आणि वेळ द्या. ती लिहील. मग मला आत बोलवा, तिला हातांनी परत सांगू द्या, मी बोलते. जुळतं का बघा."

टाचणीने चाळीस मिनिटं लिहिलं. दीड पान. मग मुकादमबाईंना आत बोलावलं, टाचणीचे हात हलले, मुकादमबाई बोलल्या आणि अधिकारीबाई कागदावर बोट ठेवून ऐकत गेल्या. तारखा जुळल्या. जागा जुळल्या. एका ठिकाणी मुकादमबाई अडखळल्या, कारण ते त्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं. अधिकारीबाई म्हणाल्या, "पुरे. इथेही तेच लिहिलंय."

आदेश त्याच दुपारी निघाला. संध्याकाळी चौकीतला एक हवालदार सोबत देऊन नवऱ्याला त्याचे कपडे आणि हत्यारांची पेटी घेऊन घराबाहेर काढण्यात आलं. हवालदार तोच, पावती वाचलेला. त्याला टाचणी आठवली नाही.

दोन वर्षांपूर्वी जे अपघात विभागात व्हायला हवं होतं, ते चाळीस मिनिटांत आणि दीड पानात झालं. त्याला नवा कायदा लागला नाही, जादा माणसं लागली नाहीत. दार, कागद आणि नवरा बाहेर, एवढंच लागलं.

आता या प्रकरणातल्या शिस्तभंगाबद्दल. डॉक्टरकडे कोणी खुलासा मागितलेला नाही. पीडितेचा कागद आरोपीच्या हातात देणाऱ्या हवालदाराकडे मागितलेला नाही. ऐकू न येणाऱ्या बाईला तीनदा फोन लावून फाइल बंद करणाऱ्या कारकुनाची मध्यंतरी बढती झाली. कारणे दाखवा नोटीस एकाच व्यक्तीला आली. मुकादमबाईंना. शासकीय अभिलेखात हेतुपुरस्सर खोटी नोंद केल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा करावा.

नोटीस आली तेव्हा यंत्रं चालू होती. मुकादमबाईंनी ती वाचली आणि टाचणीकडे दिली. इतर जणांनी हातांनी अधीक्षकाच्या मिशीचं जे काही केलं ते लिहिण्यासारखं नाही.

"मी हजर लावलं म्हणून मला नोटीस," मुकादमबाई मोठ्याने म्हणाल्या, आणि यंत्रांवरूनही ते ऐकू गेलं. "बहिरीला फोन लावला, त्याला काय?"

टाचणीने शिवणयंत्र बाजूला सारलं, हजेरीपटातले कोरे कागद मागून घेतले आणि खुलासा लिहायला बसली. मुकादमबाईंचं अक्षर वाईट आहे, हे कारण त्यांनी पुढे केलं. तीन पानं झाली. पहिल्या पानावर सहा दिवसांची हकीकत आहे, दुसऱ्यावर अपघात विभाग आणि चौकी, तिसऱ्यावर फोनच्या तीन तारखा, वेळेसकट. शेवटी मुकादमबाईंची सही. शेजारी, साक्षीदार म्हणून, जिने लिहिलं तिची.

हॉस्पिटलच्या आवक विभागाने तो खुलासा शिक्का मारून घेतला आहे. हे लिहीपर्यंत त्यांच्याकडून प्रतिसाद नाही.