अकुशल

साहेबांनी विचारलंसुद्धा नाही. शाईचा पॅड माझ्याकडे सरकवला.

"अंगठा."

"सही येते मला."

"अरे वा!" बाजूचा क्लार्क हसला.

चौथी पास माणूस वाचतो, पण सावकाश. फॉर्मवर माझ्या नावापुढे लिहिलं होतं : अकुशल.

संपाला दीड वर्ष झालं होतं. आमची मिल उघडलीच नाही. घोडपदेवच्या खोलीत बायको, दोन मुली. मी भायखळ्याच्या मंडईत पोती उचलायचो. परळला एका कापड कंपनीत भरती आहे असं कळलं, म्हणून धुतलेला शर्ट घालून गेलो.

टेबलामागच्या साहेबांना मी ओळखलं. डिप्लोमा करून ते आमच्या खात्यात शिकायला आले, तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. मागावर तुटलेल्या सुताच्या तारेची गाठ त्यांना मी शिकवली. सहा दिवस. त्यांची बोटं माझ्या बोटांत धरून. पुढे त्यांना काम येत असल्याचा कागद मिळाला. मला कुणी दिला नाही. आपण मागायचा असतो, हेही मला ठाऊक नव्हतं.

"साहेब, बावीस वर्षं विणकर होतो मी."

"सर्टिफिकेट?"

"तुम्हाला गाठ मीच शिकवली."

ते लाल झाले. ड्रॉवरमधून सुताची गुंडी काढून माझ्यापुढे फेकली.

"मारून दाखव."

मारली. सुटली. परत मारली. परत सुटली. पोत्यांनी बोटं जाड झाली होती, भेगाळली होती. तार हाताला लागेना. मागच्या रांगेतली माणसं हसली. माझ्यासारखीच, संपातली. ते हसणं जास्त लागलं.

"बघ. बरोबरच लिहिलंय मी. कर सही. गठ्ठे उचलायला ठेवतो."

डोकं फिरलं. पेन घेतलं, 'अकुशल' खोडलं. वर लिहिलं : विणकर. अक्षर वाकडं आलं.

"फॉर्म रद्द होईल."

"होऊ दे. तुझ्या हाताला जे येतं, ते माझं आहे."

घरी बायको कडाडली, "पोरींच्या ताटात आता काय तुमचो ताठो वाढू?"

तिचंही खरं होतं. थोरलीची शाळा त्याच वर्षी सुटली. सातवीत. ते माझ्या माथ्यावर आहे. नाकारत नाही.

पण तेव्हापासून चाळीत कुणाचाही कामाचा फॉर्म आला की आधी मी वाचतो. त्या शब्दाखाली कुणाला सही करू देत नाही. बरोबर जातो, भांडतो. दोघांची कामं त्यापायी गेली. शिव्या खाल्ल्या, अजून खाईन. आम्हाला काय येतं, ते यापुढे आम्ही लिहिणार.