आईला गाव सोडायला सांगताना

गाठीचा ताप कल्याणात शिरला त्या हिवाळ्यात मी इंग्रजी शाळेत मास्तर होतो. वरच्या वर्गाला निबंध शिकवायचा आणि शनिवारी मुलांच्या वादसभेत अध्यक्ष म्हणून बसायचे, ही माझी आवडती कामे. मुद्दा पटवायचे किती प्रकार असतात, ते मी मुलांकडून घोकून घेत असे. कारण दाखवून पटवता येते, दाखला देऊन येते, जाणत्या माणसाचा शब्द पुढे करून येते, भीती घालून येते, पाझर फोडूनही येते. ताप वाढला तशी शाळा बंद झाली. मग गावातल्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतले. लोकांना घरे सोडून रुळांपलीकडच्या माळावर झोपड्यांत राहायला न्यायचे होते आणि ते समजावून सांगणारा कोणी हवा होता. मी पारनाक्यावर उभा राहून दोनदा भाषण केले. बरीच घरे हलली. माझी बायको आणि मुलगी पहिल्याच खेपेला गेल्या.

आई मात्र जागची हलली नाही.

त्या दुपारी मी तिला न्यायलाच आलो होतो. आजारी शोधून इस्पितळात नेणारी तपासणीची मंडळी आमच्या आळीच्या टोकाला पोचली होती, त्यांचे दार ठोठावणे ऐकू येत होते. आई ओटीवर तांदूळ निवडत होती. जिथे उंदीर मरून पडतात तिथे ताप येतो, आपल्या परसात कालच दोन सापडले, हे मी तिला सांगितले. समोरच्या घरात एकही उंदीर मेला नव्हता, तरी तिथला कर्ता माणूस गेला, असे ती सुपातून नजर न उचलता म्हणाली. मी डॉक्टरांचे नाव घेतले. त्यांनी स्वतःच्या आईला हलवले का, असे तिने विचारले. नव्हते हलवले. ठाण्याला माळावर गेलेली माणसे वाचली, असे मी म्हटले, तर तिला माळावर जाऊन दगावलेली एक सुवासीण ठाऊक होती. तिला काहीतरी झाकायचे आहे, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवे होते. पण मला उत्तराला उत्तर द्यायची सवय.

शेवटी मी म्हणालो, नात तुझ्यावाचून जेवत नाही.

तिचा हात सुपात थांबला. "लेकराला मध्ये आणू नकोस," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता.

तेवढ्यात माजघरातून कण्हणे ऐकू आले. मी उठलो तशी आई दारात आडवी आली. मी तिच्या खांद्यावरून आत पाहिले. शेजारच्या मावशी घोंगडीवर पडल्या होत्या. त्या आणि आई एका गावच्या, लग्न होऊन मागेपुढे कल्याणात आलेल्या. मावशींना मूलबाळ नव्हते, वैधव्य येऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि काखेत गाठ असल्यामुळे एक हात अंगापासून लांब धरला होता.

आई त्यांना हाताने पाणी पाजत होती, कपाळावर घड्या ठेवत होती, हे दिसतच होते. इतका वेळ मी तिच्या जिवाची काळजी सांगत होतो, आणि तिला प्रश्न पडला होता तो दुसऱ्याच जिवाचा. दोन घरांपलीकडे कडी वाजली.

"तू काही पाहिलं नाहीस," आई हळूच म्हणाली. "मी गेले तर हिच्या तोंडात पाणी कोण घालेल? त्या इस्पितळात आपलं माणूस आत जाऊ देत नाहीत."

उत्तर आले ते मावशींकडून.

"मला उठवून माझ्या घराच्या दारात बसव," त्या मला म्हणाल्या. "नाहीतर मी सरपटत जाईन. त्यांनी मला इथं लपवलेली धरलं, तर हिलाही नेतील."

आईने त्यांना दटावले, मग विनवले. मावशींनी वाद घातलाच नाही. त्या भिंतीला धरून उठू लागल्या आणि पडल्या. आई त्यांच्याजवळ खाली बसली, त्यांचा हात हातात घेतला. मग मला म्हणाली, "बोलाव त्यांना."

डोली आली. आई इस्पितळाच्या कुंपणापर्यंत डोलीबरोबर चालत गेली. तिथे तिला अडवले. संध्याकाळी ती माळावर आली, तिने नातीला लांबूनच पाहिले, आणि वेगळी चूल मांडून कडेला राहिली. माझ्याशी ती बोलत नव्हती. रोज कुंपणाशी जाऊन उभी राहायची आणि परत यायची.

एकदा परत आल्यावर तिने आपणहून विषय काढला. "तुझं पारनाक्यावरचं भाषण मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "चांगलं बोललास. पण आजारी माणसाचं पुढं काय, ते त्यात कुठं होतं?"

मी तसाच डॉक्टरांकडे गेलो. दया दाखवा, असे त्यांना म्हणालो नाही. आजाऱ्यापाशी बसता येत नाही म्हणून लोक आजारी लपवतात, आणि लपवलेला आजारी सगळे घर घेऊन जातो, एवढेच सांगितले. घरचे एक माणूस आत बसू द्या, लोक आपणहून आजारी घेऊन येतील. ते चिडले. आत बसणारे माणूस मेले तर जबाबदार कोण, असे विचारले. मी म्हणालो, पहिले माणूस माझी आई असेल. त्यांनी तिला आत सोडायची चिठ्ठी लिहून दिली.

आई आत गेली. मावशी तेव्हा शुद्धीवर होत्या. आईने पाजलेली पेज त्यांनी घेतली. पुढे शुद्ध गेली, आणि आईचा हात हातात असतानाच त्या गेल्या. आई परतली ती विहिरीवर अंघोळ करून, ओलेत्यानेच. झोपडीपासून लांब उभी राहून तिने सुनेला हाक मारली आणि आठवडाभर आपल्याजवळ कोणी यायचे नाही, असे बजावले. मग कोरडे लुगडे दोरीवर टाकून ठेवायला सांगितले आणि पाठ फिरवून उभी राहिली.