जावयानं जोडलेलं इंजिन

हसायचं नाही असं कबूल करत असाल तर सांगतो. नाही करत? बरं, तरी सांगतो, चहा येईपर्यंत दुसरं करायचं तरी काय. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण या एका गाढवपणाला माझी अख्खी सासुरवाडी साक्षीदार आहे.

नव्वदीतली गोष्ट. मी बारामतीत बँकेत चिकटलेला, लग्न नवंनवं, सासुरवाडी कळसची. त्या साली धोंड्याचा महिना आला. म्हणजे जावयाला बोलवायचं, धोंडे खाऊ घालायचे, वर काहीतरी वाण द्यायचं. माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी विचारलं, "जावईबापू, अंगठी करायची का घड्याळ?"

मी लिंबाखालच्या जुन्या ट्रककडं बोट दाखवलं. म्हणालो, "त्याचं इंजिन खोलायला द्या."

सासूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. त्या ट्रकची कथाच तशी होती. आबांच्या वडलांची हयात मेंढरांमागं गेली. आबांनी ती मेंढरं विकून ट्रक घेतला, कारखान्याला ऊस वाहिला, घर बांधलं, पोरीबाळींची लग्नं केली. मग इंजिन बसलं. आता टपावर कोंबड्या झोपत होत्या आणि इंदापूरचा भंगारवाला येऊन लोखंडाचा अंदाज घेऊन गेला होता.

"घ्या खोलून," आबा म्हणाले. "दसऱ्याला सुरू झाला तर हार घालू, दारातच ऱ्हाईल. न्हाय झाला तर जाईल भंगारात." बोलताना त्यांनी ट्रककडं बघितलं नाही.

आता मला इंजिनातलं काय कळत होतं म्हणता? स्वतःची स्कूटर दोनदा खोललेली, आणि पुण्यात फुटपाथवर घेतलेलं एक जाडजूड पुस्तक. बस्स. पण खरं सांगतो, इंजिन खोलून आत डोकावलो आणि माझी मान आपोआप लवली. काय देखणं लोखंड हो! इतका ऊस ओढून, इतके खड्डे खाऊन क्रँकचा दांडा अजून ताठ. ज्यानं हे घडवलं त्याचे, आणि ज्यानं इतकं जपून चालवलं त्या आबांचेही, पाय धरावेसे वाटले.

मग दर रविवारी मी स्कूटरवरून कळसला. लायनर, पिस्टन, रिंगा, सगळं बारामतीहून. इकडं सासरची तारांबळ. "अगं बया, पावण्यांच्या हाताला काळं लागलं," म्हणून सासूबाई साबण घेऊन धावायच्या. मेव्हणा दत्ता टॉवेल धरून उभा. मी काही चुकीचं बोललो तरी सगळे माना डोलवायचे. मला वाटायचं, पटतंय यांना. जावयाला चुकलास म्हणायची आपल्यात रीतच नाही, हे माझ्या डोक्यात कुठं शिरायला!

दसरा उजाडला. हार घातला, नारळ फोडला, गाव गोळा झालं. मी स्टार्टर मारला. घुर्र झालं, पुन्हा घुर्र झालं, आणि धडाडून इंजिन पेटलं. कोंबड्या पार शेजारच्या वस्तीवर गेल्या. आबा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. डोळ्यांतनं पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. म्हणाले, "आवाज त्योच हाय."

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "करा बंद आता, पोळ्या गार होत्यात."

त्या जुन्या गाड्या चावीनं बंद होत नसत. एक मूठ ओढायची, तिची वायर पंपाकडचं डिझेल तोडते आणि इंजिन थांबतं. मी मूठ ओढली. मूठ हातात आली. पाठोपाठ वायर आली, सगळीच्या सगळी. पुढं पंपाला जोडायची राहूनच गेली होती.

बॉनेट उघडून "एक वायर राहिली" म्हणायला काय जात होतं माझं? पण बाहेर चाललं होतं, "जावई असावा तर असा." मी वायर गुपचूप शर्टात कोंबली आणि खाली उतरून म्हणालो, "नव्या रिंगा आहेत, नीट बसायला वेळ लागतो. लगेच बंद करायचं नसतं."

"असं व्हय," गाव म्हणालं.

"आसंल, आसंल," आबा म्हणाले.

पुरणपोळीच्या ताटावर बसलो. बाहेर इंजिन धडधडतंय, इथं छातीत मी धडधडतोय. पुस्तकात सुरू करण्यावर अख्खं प्रकरण होतं, बंद करण्यावर चकार शब्द नाही. शेवटी सुचलं, बारामतीत ओळखीचा मिस्त्री आहे, तिथवर गेलं की अब्रू वाचली. म्हणालो, "आबा, चला, बारामतीला चक्कर मारू."

आबा ठेवणीतला फेटा बांधून आले. मी ट्रक चालवतोय आणि ते राजासारखे शेजारी. दिसेल त्याला हाक. "आमच्या जावयानं केला बरं का." मग थांबा, चहा घ्या. इंजिन चालूच. कुणी विचारलं तर मी तोंड उघडायच्या आत आबाच सांगायचे, "रिंगा बसत्यात अजून."

काटेवाडीत, भर रस्त्यात, ट्रक खोकला आणि बंद पडला. डिझेल संपलं होतं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"आबा," मी शर्टातनं वायर काढली, "ही जोडायचीच राहिली."

"म्हायती हाय."

"कधीपासनं?"

"तुमी शर्टात कोंबली तवापासनं."

"मग बोलला का नाही?"

"सणासुदीचं जावयाला चार लोकांत कसं बोलावं?" आबा म्हणाले. मग जरा ओशाळून, "आन् बोललो आसतो तर दारातच बंद झाला आसता. मला एक चक्कर पायजे व्हती."

मागून दत्ता ट्रॅक्टर घेऊन हजर. सोबत दोरखंड. ट्रॉलीत माझी बायको, तोंडाला पदर लावून. म्हणजे सगळ्या घराला ठाऊक होतं!

ट्रक ट्रॅक्टरला बांधला. स्टिअरिंगवर आबा बसले, शेजारी मी. निघालो उलटे, कळसकडं. मघाशी चहा पाजणारे लोक पुन्हा रस्त्यावर. "काय झालं आबा? बंद पडला का?"

"छ्या! बंद कशानं पडतोय?" आबा म्हणाले. "जावई दमल्यात, झोपल्यात. त्यांची झोप मोडू नये म्हणून इंजन बंद ठेवलंय."

झालं! मी डोळे मिटले. उघडायची सोयच नव्हती, दर फर्लांगाला कुणीतरी डोकावून बघायचं. कळसच्या वेशीत तर एक म्हातारी अगदी खिडकीशी आली. म्हणाली, "आबा, झोपल्यात म्हंतुस, मग घोरत कसं न्हाईत?"

आबांनी मला कोपरानं ढोसलं.

घोरलो.