एक वेढा वाढला

एकोणीसशे अठ्ठावन्न साली मी चौतीस वर्षांचा होतो, आणि जखम नसलेल्या माणसाला पट्टी बांधणारा माणूस सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा एकच होता. आधी कोणी झाला नाही, पुढं कोणी होईल असं वाटत नाही. राजूरच्या बाजूला आमची कोळशाची खाण होती, तिच्या दवाखान्यात ते मलमपट्टीचं काम करायचे. डॉक्टर वणीहून आठवड्यातून दोनदा यायचा, बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे हेच. लहानमोठे सगळे त्यांना पट्टीमामा म्हणत. मी एक वेळ सोडली तर कधी म्हटलं नाही. मी त्यांना अरे-तुरे करायचो. आता लिहिताना अहो-जाहो करतो आहे, उशीर झाला तरी. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिण्यात चुका निघतील. पण खोटं निघणार नाही. खोटं बोललं की काय होतं, ते त्यांनी मला चांगलं दाखवलं आहे.

दिसायला ते कपाशीच्या वाळलेल्या पराटीसारखे, उंच आणि काटकुळे. अंगात खाकी अर्धी चड्डी, तिच्या दोन्ही खिशांत सेफ्टी पिना, त्यामुळं मामा चालले की बारीक छुमछुम ऐकू यायची आणि दारू पिऊन बसलेले लोक उठून उभे राहायचे. अंगाला टिंक्चरचा वास इतका, की लोक म्हणत, मामाच्या घरचं वरणसुद्धा तसंच लागते. दवाखान्याच्या पट्ट्या ते खऱ्या जखमांनाच वापरत. बिनजखमेच्या माणसांसाठी त्यांच्या स्वतःच्या पट्ट्या होत्या, जुन्या धोतरांच्या फाडलेल्या. त्या पातेल्यात उकळून दोन कडुनिंबांच्या मधल्या तारेवर वाळत घालायचे. ती तार पाहून नवा माणूस हमखास विचारी, "इथं कोनाचं लगन हाये काय?" त्यांच्या स्वतःच्या डाव्या मनगटावरही एक पट्टी असायची, बाराही महिने. भाजलं असेल कधी, असं आम्ही धरून चाललो.

बोलण्याच्या बाबतीत इतका कंजूष माणूस मी पाहिला नाही. दिवसभरात त्यांचे तीनच शब्द: कुठी, हं आणि मंग. दवाखान्याच्या मागं एक खोली, चादरीचा पडदा, एक बाक, एक स्टूल. नियम एकच, आत एका वेळी एक माणूस. एकदा एक नवराबायको भांडत भांडत दोघंही आत शिरले, तर मामा स्वतःच बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसले. "आता तुमी दोघं हाये आत," म्हणाले, "माह्यं काय काम?"

आत गेलेल्याला कुठं दुखतं असं ते विचारत नसत. विचारत, "पट्टी कुठी बांधू?" मग माणूस सांगेल तिथं बांधायची. रोज संध्याकाळी पट्टी सोडायची, धुतलेली बांधायची, आणि तेवढ्या वेळात माणसानं बोलायचं. रोज एक वेढा कमी. शेवटचा वेढा सुटला की माणूस सुटला. बाहेर कोणी विचारलं तर सांगायला बरं, पट्टी बदलायला चाललो. आमच्या खाणीतला गडी, मले भेव वाटते, असं म्हणाला असता तर त्याला पाळीतल्या लोकांनी जगू दिलं नसतं. पण पट्टीला कोणी हसत नाही.

ऑफिसातला कारकून घराला कुलूप लावून निघायचा आणि अर्ध्या वाटेतून परत यायचा, कुलूप लागलं का पाहायला. एकदा नाही, सात-सात वेळा. साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, तरी पाय मागं वळायचेच. मामांनी त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधली आणि चार महिने रोज ऐकून घेतलं, लहानपणी त्याच्या हातून गोठ्याला आग कशी लागली ते. पट्टी सुटल्यावरही तो एकदा मागं वळून जायचाच. मामा म्हणाले, "एकडाव त कोनीबी जाते." मेसचा आचारी दोन वर्षं कांदे चिरताना रडायचा, आणि कांदे नसले तरी रडायचा. त्याच्या गुडघ्याला पट्टी. तो रोज आत जाऊन भाज्यांच्या गोष्टी सांगायचा, मामा रोज म्हणायचे, "मंग?" दीड महिन्यानं एका संध्याकाळी त्यानं मेलेल्या पोरीचं नाव घेतलं, एवढ्या मोठ्यानं की आम्हाला बाहेर ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी वरणात मीठ बरोबर पडलं होतं.

आता माझं. माझं काम खाणीत छताला लाकडी टेकू लावायचं. सगळे मला मिस्त्री म्हणत. खाली उतरल्यावर आधी सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, छत ठोकून ऐकायचं. खणखणीत आवाज आला तर छत पक्कं, पोकळ आला तर वरचा थर सुटलेला. मी पंधरा वर्षं ठोकत होतो, आणि मला गर्व झाला होता. मी म्हणायचो, मला ठोकायची गरज नाही, मी नुसत्या नजरेनं सांगतो. त्या दिवशी किसन नावाचा गडी सब्बल पुढं करत म्हणाला, "मिस्त्री, एकडाव ठोकून पाहा ना." मी म्हटलं, "तू मले शिकवतं काय बे?" तासाभरानं छत खाली आलं. किसन त्याच्याखाली होता.

आमचं बोलणं दुसऱ्या कोणी ऐकलं नव्हतं. खाणीत बोलवा झाली की किसन दारू पिऊन उतरला होता आणि धक्का लागून त्यानंच टेकू पाडला. किसन दारूला शिवत नव्हता. मी ते ऐकलं आणि गप्प राहिलो. त्याची बायको पार्वती खाणीवरच कोळसा भरायला यायची, तिच्या समोर लोक बोलायचे, आणि मी खाली मान घालून पुढं जायचो.

पंधरा दिवसांनी माझा उजवा हात वर जाईनासा झाला. खाणीच्या तोंडाशी गेलो की पाय दगड व्हायचे, श्वास अर्ध्यातच अडायचा. बायकोनं भगताकडून दोरा आणला, कळंबच्या गणपतीला नारळ बोलली. डॉक्टरनं छाती तपासली आणि म्हणाला, तुला काहीच झालेलं नाही. इतका अपमान माझा आयुष्यात झाला नव्हता. म्हणून मागच्या खोलीत गेलो.

"पट्टी कुठी बांधू, मिस्त्री?"

"कायले बांधतं? जखम कुठी हाये?"

"मंग कायले आले?"

मी खांदा दाखवला आणि लगेच मागं सरलो. मामा छप्पन्न साली धर्म बदलून बौद्ध झाले होते. त्यांनी बदलला, माझ्या घरची शिवाशिव कुठं बदलली होती. ती मी पाळत होतो, आता लपवत नाही. मामांनी माझ्याकडं पाहिलं, त्यांना सगळं कळलं, आणि पट्टीचं टोक बाकावर ठेवलं. "टोक तुमी छातीवर धरून ठेवा," म्हणाले, "मी हात नाही लावत. मी भोवतानं फिरतो." आणि खरंच फिरायला लागले. मी खोलीच्या मधोमध उभा आणि हा उंच माणूस पट्टी घेऊन माझ्याभोवती छुमछुम करत फेऱ्या घालतो आहे. मी वळून वळून त्यांच्याकडं पाहत होतो, चौथ्या फेरीला मलाच चक्कर आली. म्हटलं, "लाव बाप्पा हात, नाहीतर मी पडतो." त्यांनी हात लावला. थंड हात होता, सावकाश फिरणारा. मला रडू आलं, आणि ते आलं म्हणून राग आला.

दुसऱ्या दिवसापासून बोलणं सुरू. मी सांगितलं, खांद्यावर पोतं पडलं. मामा म्हणाले, "मंग?" मी पोत्याची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, "एक वेढा वाढला."

"काहून? कमी होते ना रोज?"

"खरं बोललं की कमी होते."

मग मी म्हटलं, सासऱ्यानं करणी केली. एक वेढा वाढला. म्हटलं, पाळीच्या मुकादमाची नजर लागली. आणखी एक. मी हट्टाचा माणूस, माघार घेणार नाही, आणि ते वेढा सोडणार नाहीत. महिन्याभरात माझ्या खांद्यावर उशीएवढा गठ्ठा झाला. सदरा घालता येईना, कुशीवर झोपता येईना. माझी बायको म्हणाली, "थोडं अजून वाढू द्या, पाहुने आले तर टेकायले होईन." मजुरांच्या घरांच्या सगळ्या लाइनीला कळलं होतं की मिस्त्री रोज खोटं बोलून राह्यला. कोणतं, ते कोणाला माहीत नव्हतं.

"तुले कसं समजते बे, खोटं का खरं?" मी एकदा चिडून विचारलं.

"तुमी छत ठोकून आयकता ना," मामा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आयकत होते."

त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही.

आणि मग एका संध्याकाळी मी कडुनिंबाखाली पाळी यायची वाट पाहत बसलो होतो, आत कोणीतरी होतं. पडदा बाजूला झाला आणि पार्वती बाहेर आली. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, पण वाऱ्यानं जरा सरकला. तिच्या दोन्ही कानांवरून पट्टी होती. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर नेऊन बांधलेली, चांगली जाड. मी तिथंच बसलेला, तिनं मला पाहिलं, आणि ओळखीच्या माणसाकडं पाहावं तसं पाहून निघून गेली.

आत गेल्या गेल्या मी विचारलं, "तिले काय झालं?"

"एकाचं दुसऱ्याले सांगत नाही."

"काहून नाही सांगत? मी परका हाये काय?"

"तुमचं कोनाले सांगतलं म्या?"

"मी तुले सांगतलंच काय आजपावतर?"

"थेच म्हनतो," मामा म्हणाले, आणि माझी पट्टी सोडायला लागले.

सांगायची गरज नव्हती. पट्टी कुठी बांधू, असं त्यांनी तिला विचारलं असेल आणि तिनं कान दाखवले असतील. लोक नवऱ्याबद्दल जे बोलत होते ते ज्या ठिकाणी जाऊन लागत होतं, ती जागा तिनं दाखवली होती. मी गप्प बसलो म्हणून लोक बोलत होते.

मी बोललो. सब्बल, किसनाचा पुढं केलेला हात, मी काय उत्तर दिलं, सगळं. मामा पट्टी सोडत राहिले. वेढ्यामागून वेढा, पायाशी धोतराच्या चिंध्यांचा ढीग झाला. मला वाटलं आता हा माणूस शिव्या देईल, किंवा म्हणेल जाऊ द्या, होते असं. दोन्हीपैकी काही म्हणाले असते तर मी त्यांचं ऐकलं नसतं. शेवटचा वेढा सुटला. खांदा उघडा पडला, पांढरा, ऊन न लागलेला. मामा म्हणाले, "मंग?"

यावेळचा मंग वेगळा होता. हा मागचं विचारत नव्हता.

मी पट्ट्यांची घडी घालून दिली. पहिल्यांदाच तेवढं काम केलं त्यांचं. जाताना त्यांच्या मनगटाकडं माझं लक्ष गेलं आणि तोंडातून निघालं, "मामा, तुमची पट्टी कोन बदलते?"

ते स्टुलावर बसले होते. "माह्यी जुनी हाये," म्हणाले. "जा तुमी, बाहेर मानूस वाट पाहून राह्यला."

मी गेलो. थांबून एकदा मंग म्हणायला पाहिजे होतं, एवढं साधं. पुढं सात वर्षं मी त्याच खाणीत काढली, मिस्त्री म्हणून नाही, गाड्या ढकलणारा म्हणून, आणि रोज त्या तारेखालून जायचो. आज विचारू, उद्या विचारू, असं करत राहिलो. पासष्ट साली ते नोकरी संपवून बाभुळगावकडं आपल्या गावी गेले. एसटीत बसताना शंभर माणसं होती सोडायला, कारकून होता, आचारी होता, आणि खिडकीवर ठेवलेला त्यांचा डावा हात तसाच बांधलेला होता. एवढ्या लोकांचं ऐकून घेणाऱ्या त्या माणसाच्या पट्टीचा एक वेढाही आमच्यापैकी कोणी सोडला नाही. दोन वर्षांनी निरोप आला, गेले म्हणून. मी तेव्हा ओसरीवर बसून उगाच आपल्या खांद्यावर हात फिरवला.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळनंतरच्या सकाळी मी लवकर उठलो, सदरा घातला, खांद्यावरचा गठ्ठा गेल्यामुळं तो मला मोठा झाला होता. सब्बल घेतली. हजेरीच्या वेळी खाणीच्या तोंडाशी सगळी पाळी उभी होती, कोळसा भरणाऱ्या बायासुद्धा, आणि मुकादम नावं पुकारत होता. पाय दगड झाले होते, ते तसेच ओढत मी मधोमध जाऊन उभा राहिलो. मुकादमाला म्हटलं, थांब जरा. मग बायांच्या रांगेकडं वळून म्हटलं, "पार्वतीबाई, कान मोकये करा. मले किसनाबद्दल बोलायचं हाये, सगळ्याइच्या समोर."

तिला ऐकू गेलं नाही. शेजारच्या बाईनं तिला हलवून माझ्याकडं दाखवलं. मी हातानं कानाची खूण केली, उजव्या हातानं, तो वर गेला. तिनं टोपली खाली ठेवली, पदर मागं सारला, आणि हनुवटीखालची गाठ सोडायला घेतली. मी सब्बल टेकून थांबलो, तिचा शेवटचा वेढा सुटेपर्यंत.